पगार आणि वाटा

नवा धंदा काढणाऱ्या माणसाच्या मनात पहिली चिंता येते ती भांडवलाची. मागोमाग जागा येते, यंत्रे येतात, परवाने येतात, बँकेचे खाते येते. माणसांचा विचार बहुधा शेवटी होतो आणि तोही घाईघाईने. वस्तुतः धंद्याचा पुढचा सारा स्वभाव ठरतो तो त्यात प्रथम शिरलेल्या चार-पाच माणसांवरून, आणि त्या माणसांना कोणत्या बोलीवर आणले यावरून. पणजीला पाटो भागातील एखाद्या इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आज जे नवे उद्योग उभे राहतात, ज्यांना सारे जग स्टार्टअप म्हणते, त्यांच्या मालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘सध्या पगार थोडा कमी देतो, पण कंपनी मोठी झाली की तुझेही कल्याण होईल.’

हे वाक्य बोलणारा बहुधा लबाड नसतो. स्वतःच्या स्वप्नावर त्याची श्रद्धा असते, आणि श्रद्धावंताचे बोलणे ऐकणाऱ्याला गोड लागते. परंतु या वाक्याचे दोन तुकडे करून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ‘पगार कमी’ हा तुकडा आकड्यांत सांगितलेला असतो. ‘कल्याण होईल’ हा तुकडा नुसत्या शब्दांत. देणे निश्चित आणि घेणे अनिश्चित, असा हा करार आहे.

त्याचा हिशेब मांडणे मुळीच अवघड नाही. बाजारात ज्या कामाला महिना साठ हजार रुपये मिळतात, ते काम एखादी मुलगी बेचाळीस हजारांवर पत्करते असे समजावे. महिन्याला अठरा हजारांचे अंतर पडले. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने धरले तर ही रक्कम ८ लाख ६४ हजार रुपये होते. ही रक्कम गेली कोठे? ती धंद्यात गेली. मालकाच्या मामाने आठ लाख रुपये दिले असते तर त्याला पावती मिळाली असती, व्याज किंवा भाग मिळाला असता, वर्षातून एकदा हिशेब विचारण्याचा अधिकार मिळाला असता. त्या मुलीने तेवढेच पैसे दिले, पण ते न घेण्याच्या रूपाने दिले. म्हणून तिच्या हाती काहीच नाही. प्रारंभीचा नोकर हा नुसता नोकर नसतो. तो बिनपावतीचा भांडवलदार असतो, आणि त्याला पावती द्यावी की नाही, कशी द्यावी, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

गोमंतकात तर हा प्रश्न विशेष धारदार होतो. डिचोली तालुक्यातील घरांनी पगार थांबणे म्हणजे काय याचा अनुभव फार जवळून घेतला आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. पुढे त्या काही काळ चालू झाल्या, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थंडावल्या, आणि नव्या लिलावानंतर डिचोलीच्या पट्ट्यात काम सुरू व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ट्रक दारात उभे होते आणि त्यांचे हप्ते मात्र चालू होते. पेडण्याला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून वाहतुकीला खुला झाला आणि नोकऱ्यांची एक नवी वाट तेथे निघाली. अशा मुलखातील आई जेव्हा मुलाला म्हणते की, ‘बाबा, सरकारी नोकरी मिळते का बघ,’ तेव्हा तिला भित्री म्हणून हसणे सोपे आहे. पण ती भित्री नाही. अनिश्चिततेची किंमत तिने मोजलेली असते. अशा घरातील तरुणाला पाच माणसांच्या कंपनीत बोलवायचे, तर ती किंमत बोलावणाऱ्यानेही मोजली पाहिजे.

ज्या कामात यश अनिश्चित, त्यात काम करणाऱ्याला नुसती मजुरी द्यायची की फळाचा वाटा द्यायचा, हा प्रश्न अमेरिकेतून आलेला नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर, केरी, हरमल, मोरजीच्या वाळूत तो पिढ्यान्‌पिढ्या सुटत आलेला आहे. रांपणीचे ते लांबलचक जाळे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकावयाचे आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढून घ्यावयाची, हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. जाळ्यात बांगडे येतील, तारले येतील, किंवा काहीच येणार नाही. म्हणून तेथे रोजंदारी नव्हती, वाटा होता. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा. भांडवल आणि श्रम यांची ही वाटणी कोणत्या प्रमाणात व्हावी हे गावागावाच्या रिवाजावर असे. परंतु वाटणी आहे आणि ती कशी आहे हे दोर हातात घेण्यापूर्वीच प्रत्येकाला ठाऊक असे. यांत्रिक ट्रॉलर आल्यावर १९७० नंतरच्या काळात रांपणकारांवर मोठे संकट आले, त्यांनी लढा दिला, आणि १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. आता रांपणीची ती पूर्वीची संख्या राहिलेली नाही. तरी तिच्या व्यवहारातील एक गोष्ट आजच्या नव्या उद्योजकाने नीट पाहण्यासारखी आहे. मासळीचा ढीग सर्वांच्या डोळ्यांदेखत वाळूवर पडतो आणि वाटणी त्याच दिवशी होते. कंपनीत ढीग दिसत नाही, आणि वाटणी कदाचित दहा वर्षांनी होते, कदाचित कधीच होत नाही. डोळ्यांना दिसणारा ढीग जेथे नाही तेथे कागदाने त्याची जागा घेतली पाहिजे.

चोर्ल्याचा घाट चढून गेले की बेळगाव येते, आणि मराठी माणसाने उभारलेल्या एका फार मोठ्या उद्योगाची सुरुवात त्याच गावातली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. वडीलबंधू रामुअण्णा बेळगावला सायकली विकीत आणि गिऱ्हाइकाला त्या चालवायलाही शिकवीत. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवणीचे पंधरा रुपये, असा तो व्यवहार होता. आपल्याला मिळावयाची बढती दुसऱ्याला मिळालेली पाहून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावला आले. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत कारखान्यात काम करणाऱ्यांना पगार कोठून मिळाला असेल, याची कल्पना ज्याने असा धंदा चालविला आहे त्यालाच येईल.

नगरपालिकेने बेळगावची जागा सोडायला लावली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे रान. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली.

या वाडीत पहिली माणसे कोण होती, हे पाहिले म्हणजे नोकरभरतीविषयी छापली जाणारी पुष्कळशी शहाणपणाची पुस्तके बाजूला ठेवावीशी वाटतात. रामुअण्णा वसाहतीचे सारे व्यवस्थापन पाहणारे. शंभोराव जांभेकर हे जेथे अडेल तेथे धावून जाणारे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. मंगेशराव रेगे कारकून आणि हिशेबनीस. अनंतराव फळणीकर शाळेत यश न मिळालेले, पण यंत्रापुढे उभे राहिले की बुद्धी झळकणारे. आणि पहाऱ्याला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेली ही दोन माणसे. ज्यांना आसपासच्या गावांत कोणी दाराशी उभे केले नसते, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी साऱ्या वसाहतीची राखण दिली, आणि ती त्यांनी चोख केली.

या यादीत परीक्षेत पहिला आलेला कोणी नाही. मोठ्या साहेबी कंपनीतून फोडून आणलेला कोणी नाही. तसा माणूस येणेही शक्य नव्हते, कारण त्याला द्यायला पैसा नव्हता. ज्या धंद्याजवळ पैसा कमी असतो त्याला बाजाराने न ओळखलेली माणसे शोधावी लागतात, आणि मालकाजवळ पारख असेल तर ही अडचणच त्याची संपत्ती होते. पणजीतील नव्या कंपन्या बंगळूरच्या कंपन्यांशी पगारात स्पर्धा करू पाहतात आणि हरतात. डिचोलीच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला मुलगा, मुले लहान म्हणून पाच वर्षे घरी राहिलेली हिशेबनीस, खाणीवरची अवजड यंत्रे वीस वर्षे दुरुस्त केलेला फिटर, ही माणसे त्यांच्या दाराशीच उभी असतात; पण जाहिरातीतील ‘अनुभव’ आणि ‘पदवी’ या दोन शब्दांनी ती बाहेरच्या बाहेर परत जातात.

आणखी एक गोष्ट. त्या लहानशा वसाहतीत आरंभापासून हिशेबनीस होता. हे दिसायला किरकोळ वाटते, पण तसे नाही. आजचा नवा उद्योजक पहिला माणूस घेतो तो बहुधा यंत्रतंत्राचा किंवा विक्रीचा. हिशेब ‘पुढे पाहू’ म्हणून राहतो. मग दुसऱ्या वर्षी कोणाचे किती देणे राहिले, कोणाला तोंडी काय कबूल केले होते, याचा उलगडा करता करता मैत्री तुटते. रेग्यांसारखा माणूस जेथे वह्या लिहितो तेथे निदान भांडणाला आधार तरी राहतो.

किर्लोस्करवाडीतील माणसांना पगाराबरोबर वसाहत मिळाली. राहायला घर, आजूबाजूला आपल्यासारखीच माणसे, आणि अस्पृश्यता न पाळण्याचा मालकाचा दंडक. त्या काळच्या एखाद्या कुटुंबाला या शेवटच्या गोष्टीचे मोल रुपयांत सांगता आले नसते. परंतु वस्तुरूपाने दिलेल्या वेतनाला दुसरी बाजू असते तीही सांगितली पाहिजे. घर कारखान्याचे असले म्हणजे नोकरीबरोबर घरही जाते. आज पणजीत भाडी अशी चढली आहेत की पेडण्याहून येणाऱ्या मुलाला मालकाने खोली देऊ केली तर तो उपकारच वाटेल. पण ती खोली पगारातून वेगळी, लेखी आणि नोकरी सुटल्यावर निदान दोन-तीन महिने राहता येईल अशा बोलीची असावी. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. धंद्याला भाग आणि भागधारक असे रूप येते त्या क्षणी जुन्या माणसांपुढे प्रश्न उभा राहतो : आपण यात कोण?

हा प्रश्न मराठी रंगभूमीने अधिक तीव्रतेने अनुभवला आहे. नाटकमंडळी हा त्या काळचा खरोखरीचा साहसी धंदा होता. पडदे, पोशाख, नाटककाराचे मानधन, सामान वाहून नेणारे डबे, आणि आज इचलकरंजी तर उद्या धारवाड. नटाला पगार असे, शिवाय बिऱ्हाड आणि जेवणखाण कंपनीचे. लहान मुलांना तालीम मिळे, गाणे मिळे. परंतु तिकीट विकले जाई ते नटाच्या गळ्यावर, आणि मालकी असे दुसऱ्याची. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पाचच वर्षांनी, १९१८ साली, त्याच किर्लोस्कर मंडळीतून मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर हे चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बाहेर पडले व बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. दीनानाथांचे वय तेव्हा अठराही पुरे नव्हते. एका नामांकित संस्थेतून पाच वर्षांत दोनदा तिचे बिनीचे गायक निघून जातात, यात व्यक्तींचे रुसवेफुगवे होतेच. परंतु ज्याच्या नावावर गर्दी जमते तो नुसता पगारी राहिला तर तो फार काळ राहत नाही, हा धंद्याचा भागही त्यात होता.

गंमत अशी की वाटा मिळाला म्हणून भांडण मिटते असेही नाही. गंधर्व मंडळीतून टेंबे आणि बोडस दोघेही कालांतराने बाहेर पडले, आणि एकट्या बालगंधर्वांच्या खांद्यावर ती मंडळी व तिचे कर्ज राहिले. तिघे मिळून धंदा काढताना कोण किती वर्षे राहील, कोणी गेला तर त्याच्या भागाचे काय, नव्या भरजरी पडद्यावर किती खर्च करायचा हे कोण ठरवील, या गोष्टी त्या काळी स्नेहावर सोडल्या जात. अत्तराचा खर्च आणि हिशेबाची वही यांचे जमणे कठीणच. कोल्हापूरला १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली तेव्हा दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चौघांचे भांडवल म्हणजे त्यांचा हुन्नर, आणि पैशाची बाजू सांभाळायला सीतारामपंत कुलकर्णी हे पाचवे भागीदार. हुन्नराला पैशाच्या पंक्तीला बसवण्याचा हा मोठा धाडसी प्रयोग होता आणि त्याने काय निर्माण केले ते सर्वांना माहीत आहे. धायबर आधी गेले, शांताराम १९४२ साली गेले, हेही तितकेच माहीत आहे.

अमेरिकेत हीच कथा सिलिकॉनच्या कारखान्यांत घडली. १९५७ साली शॉक्ली यांची प्रयोगशाळा सोडून आठ तरुण शास्त्रज्ञ बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी त्यांनी उभी केली. प्रत्येकाने पाचशे डॉलर घातले होते. दोन वर्षांनी मूळ कंपनीने करारातील अधिकार वापरून त्यांचे भाग विकत घेतले. प्रत्येकाला सुमारे अडीच लाख डॉलरचे शेअर मिळाले आणि ते आठही जण पुन्हा पगारी झाले. पुढच्या दहा वर्षांत एकेक करून ते निघून गेले. त्यांतील नॉइस आणि मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली तेव्हा नोकरांनाही भाग द्यावयाचे हे त्यांनी आरंभापासूनच धोरण ठेवले. आपल्याकडे पुण्यात १९८१ साली सात अभियंत्यांनी इन्फोसिस स्थापन केली. सुधाताई मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये हे तिचे सुप्रसिद्ध भांडवल. नारायण मूर्ती स्वतः जुन्या कंपनीतले काम पुरे करून वर्षभराने आले, म्हणून नोकरांच्या क्रमात त्यांचा नंबर चौथा. पहिला नंबर राघवन यांचा. प्रमुखाला चौथा क्रमांक देणारी ही नोंदवही त्या कंपनीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. १९९३ साली तिचे भाग बाजारात आले आणि १९९४ साली तिने नोकरांसाठी भागांची योजना काढली.

आज हिंदुस्थानात ज्याला नोकरांचा शेअरपर्याय म्हणतात त्याचे स्वरूप थोडक्यात असे. कंपनी आज भाग देत नाही. ठरलेल्या किमतीला पुढे भाग घेण्याचा हक्क देते. २०१३ च्या कंपनी कायद्याखालील नियमांप्रमाणे हा हक्क दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत निदान एक वर्ष जावे लागते. प्रघात असा की एक वर्षानंतर चौथा हिस्सा पक्का होतो आणि बाकीचा पुढल्या तीन वर्षांत थोडाथोडा. भागधारकांचा ठराव त्याला लागतो. मालकाने चहाच्या टपरीवर ‘तुला एक टक्का देईन’ म्हटल्याने काहीही होत नाही. ज्याची पेढी एकट्याच्या मालकीची आहे किंवा भागीदारीची आहे, त्याला तर अशी योजना देताच येत नाही, कारण द्यायला भागच नाहीत.

‘एक टक्का’ हा शब्दही फसवा आहे. कंपनीचे एक लाख भाग आहेत आणि नोकराला एक हजार मिळाले, तर तो एक टक्का झाला. नवा भांडवलदार आला, त्याला पंचवीस हजार नवे भाग काढून दिले, की एकूण सव्वा लाख झाले आणि तो एक टक्का शेकडा ०.८ वर आला. यात कोणी चोरी केलेली नाही. भागाची किंमतही कदाचित वाढली असेल. परंतु टक्का सांगितला होता आणि टक्का राहिला नाही, हे नोकराला आधी समजावले नसेल तर त्याच्या मनात चोरीच झालेली असते. शिवाय भांडवलदाराच्या करारात बहुधा असे कलम असते की कंपनी विकली तर त्याचे पैसे आधी परत द्यावयाचे. कंपनी थोडक्या किमतीला विकली गेली, तर बाकीच्यांच्या वाट्याला टरफले येतात. म्हणून पेडण्याच्या मुलाने मुलाखतीत टक्का न विचारता एकूण भाग किती, आपले किती, घेण्याची किंमत काय आणि आधी कोणाचे देणे, असे चार प्रश्न विचारावेत. जो मालक या प्रश्नांनी रागावतो त्याच्याकडे पूर्ण पगार मागावा.

कराची भानगड निराळीच. हक्क वापरून दहा रुपयांचा भाग घेतला आणि त्या दिवशी त्याचे मूल्य दोनशे दहा ठरले, तर मधले दोनशे रुपये पगारच समजले जातात. असे एक हजार भाग घेतले की दोन लाखांचे उत्पन्न कागदावर झाले. तीस टक्क्यांच्या पायरीवरील माणसाला साठ हजारांहून अधिक कर भरावा लागतो, आणि हातात मात्र रोख छदामही नाही. २०२० साली काही नवोद्योगांपुरता हा कर पुढे ढकलण्याची सवलत आली; परंतु तिला सरकारचे खास प्रमाणपत्र लागते आणि सरकारदरबारी नुसती नोंद असलेल्या बहुसंख्य लहान कंपन्यांकडे ते नसते.

गोमंतकात याला एक वेगळाच पदर आहे, ज्याचा विचार बाहेरच्या सल्लागारांना सुचत नाही. येथे विवाहित जोडप्याच्या मालमत्तेला पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे, आणि लग्नापूर्वी निराळा करार नोंदला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक असते. म्हणजे पतीने मिळवलेल्या भागांत पत्नी अर्धी धनी, आणि पत्नीने मिळवलेल्यांत पती. प्राप्तिकराच्या कायद्यातही गोव्यासाठी खास तरतूद आहे : पगार ज्याचा त्याच्याकडे, पण इतर उत्पन्न दोघांत अर्धे अर्धे. तेव्हा भाग घेतानाचा कर एकाच्या माथी आणि ते विकून झालेल्या नफ्याचा कर दोघांच्या, असा प्रकार होतो. मालकाने भागांचे पत्र देताना घरच्या माणसालाही बोलावून ते समजावून सांगितले तर ते गैर होणार नाही. कमी पगाराची झळ त्या दोघांनीच सोसायची असते.

वाट्याची चर्चा रंगली की पगाराचा विसर पडतो, म्हणून त्याविषयीही थोडे. वाटा हा पगाराच्या बदल्यात असू नये. पगारातील जी कपात नोकराने समजून-उमजून पत्करली तिच्या बदल्यात असावा. घरभाडे, प्रवास, जेवण आणि घरी पाठवायची रक्कम एवढे ज्यातून निघत नाही त्या पगाराला कोणताही वाटा पुरा पडत नाही. कपात करायचीच तर ती वरून सुरू व्हावी : मालक किती घेतो हे पहिल्या पाच माणसांना माहीत असले की उरलेली बोलणी पुष्कळ सोपी होतात. आणि तारीख चुकू नये. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मिळाला पाहिजे, हा लहान आस्थापनांना लागू असलेला नियम १९३६ च्या कायद्यापासून चालत आला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतनसंहितेतही तो आहे. मालकाला भांडवलदाराचा हप्ता उशिरा मिळाला ही सबब डिचोलीच्या वाण्याला सांगता येत नाही.

अलीकडे एक वाईट चाल पडली आहे. माणूस रोज दहा ते सहा कामावर येतो, रजा विचारून घेतो, पण कागदोपत्री तो ‘सल्लागार’ असतो. असे केल्याने भविष्यनिर्वाह निधी, विमा, उपदान यांची कटकट टळते असे मालकाला वाटते. वीस माणसांखालच्या कंपनीला निर्वाह निधी सक्तीचा नसतो, हे खरे; मग निदान त्या माणसाला नोकर म्हणून नेमणूकपत्र द्यायला हरकत काय? सल्लागाराला शेअरपर्याय देता येत नाहीत, कारण ती योजना नोकर आणि संचालक यांच्यासाठी आहे. म्हणजे ‘कल्याण होईल’ असे ज्याला सांगितले त्याच्या कल्याणाची वाट मालकाने आपल्याच हाताने बंद केलेली असते.

राहता राहिला सोडून जाण्याचा प्रश्न. लग्नाच्या बोलण्यात काडीमोडाची भाषा कोणी काढीत नाही, तसेच येथेही होते. पण पहिल्या पाचांपैकी निदान दोघे तीन वर्षांत जातात असे धरूनच चालावे. कोणाला परदेशी शिकायला जावयाचे असते, कोणाचे वडील आजारी पडतात, कोणाचे काम कंपनी वाढल्यावर तिला पुरेनासे होते आणि दोघांनाही ते सांगण्याचा संकोच वाटतो. या शेवटच्या प्रकारात मालक बहुधा चुकतो. ज्याने पहिल्या वर्षी टेबलेही उचलली त्याला तो निरोप देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर नवा अधिकारी आणून बसवतो आणि आपोआप तो जाईल अशी वाट पाहतो. नव्या संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावयाचे असते. भागांचे मात्र योजनेत जसे लिहिले असेल तसे. पक्के झालेले हक्क वापरायला जाणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी तीनच महिने मिळतात. एवढ्यात पैसे आणि कर दोन्ही उभे करणे त्याला जमत नाही, आणि चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने त्या तीन महिन्यांत वाहून जातात. काही कंपन्यांनी ही मुदत वाढवून पाच-सात वर्षांवर नेली आहे. त्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही. योजनेच्या मसुद्यातील एक ओळ बदलावी लागते, आणि ती बदलण्याची वेळ पहिला माणूस कामावर येण्याच्या आधीची असते.